अक्षर कीं क्षर ?

घरांतील मंडळींनीं आम्हांस 'यंत्रवेडे' ही पदवी दिल्यास आतां बरींच वर्षें लोटलीं. नवा मोबाईल घरांत आला कीं त्याची पेटी प्रथम आम्ही उघडावयाची, पुतण्याच्या मनगटावरचें घड्याळ पावलें कशीं मोजतें हें प्रथम आम्ही पाहावयाचें, आणि दिवाणखान्यांतला इंटरनेटचा डबा रुसला तर त्याची मनधरणी करावयास आम्हांसच हांक मारावयाची, असा आमच्या एकत्र कुटुंबांतला अलिखित कायदा होऊन बसला आहे. शाळेंत १९९९ सालीं पहिला संगणक आला तेव्हां इतर शिक्षक त्यास दुरूनच नमस्कार करीत. त्यावर पहिला हात संस्कृत शिकविणाऱ्या आम्हीं टाकला. सेवेंतून निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेस निघतात. आम्हीं स्वतःचा संगणक घेतला. संध्येच्या पळीपंचपात्राशेजारीं चार्जर पडलेला पाहून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आचमन कोणत्यानें करतां ?" तेव्हां आमची योग्यता काय आहे हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल.

परंतु ज्यानें यंत्राचें कौतुक करावयाचें त्यानें यंत्रापायीं झालेली फजितीहि सांगितली पाहिजे. आज सांगावयाची गोष्ट अशाच एका फजितीची आहे. आणि तींत यंत्राचा दोष थोडा असून आमचा फार आहे.

आमचे वडील बंधु, ज्यांना घरांतील लहानथोर सर्व मंडळी दादाच म्हणत, ते पोस्टांत कारकून होते. अक्षर मोत्यासारखें आणि कामाची चिकाटी मुंगीसारखी. आमच्या मातोश्री १९८६ सालीं वारल्या. त्यांस लिहितां येत होतें, पण उभ्या जन्मांत वाण्याच्या यादीपलीकडे त्यांनीं कांहीं लिहिलें नाहीं. जें होतें तें सारें तोंडीं. बोडणास सवाष्णी कोणत्या क्रमानें सांगावयाच्या, बाळंतिणीच्या काढ्यांत सुंठ किती आणि पिंपळमूळ किती, लोणच्याचा खार केव्हां मुरला असें समजावें, मुलाची दृष्ट काढतांना काय म्हणावें, जात्यावर कोणत्या महिन्यांत कोणत्या ओव्या म्हणावयाच्या, आणि आमच्या पणजीनें तरुणपणीं एकटीनें घर कसें सांभाळिलें, हें सर्व त्यांच्याबरोबर निघून गेलें असतें. दादांनीं तें जाऊं दिलें नाहीं. मातोश्रींच्या अखेरच्या दोन वर्षांत ते रोज दिवेलागणीनंतर वही घेऊन त्यांच्या अंथरुणापाशीं बसत. अशा शंभरपानी पांच वह्या भरल्या. प्रत्येक नोंदीचा आरंभ ठरलेला असे : 'आई म्हणे'.

१९९७ सालीं दादांनीं त्या पांचहि वह्या एका डी. टी. पी.च्या दुकानांतून टाईप करवून घेतल्या. पुस्तक छापण्याचा बेत होता. पण बाजूस ठेवलेले पैसे एका लग्नकार्यांत खर्च झाले आणि छपाई राहिली ती राहिलीच. हातीं उरली ती एक फ्लॉपी : काळी, चौकोनी, तळहातांत मावणारी. पुढें फ्लॉप्या नाहींशा होणार हें ओळखून २००३ सालीं आम्हीं ती फाईल सीडीवर उतरवून घेतली. येथवर आमची दूरदृष्टि खरोखर वाखाणण्याजोगी होती. फाईलीचें नांव दिसलें, तिचा आकार दिसला. तेवढ्यावर समाधान मानलें. ती उघडून मात्र पाहिली नाहीं. उत्तरपत्रिका न उघडतां गुण देणाऱ्या परीक्षकास आम्हीं जन्मभर नांवें ठेविलीं, पण येथें आम्हीं तेंच केलें.

२००४ सालीं आमचा जुना वाडा पाडावयाचें ठरलें आणि सर्व बिऱ्हाडें नव्या इमारतींत न्यावयाचीं झालीं. माळ्यावरची अडगळ निवडण्याचें काम आमच्याकडे आलें. एका पत्र्याच्या ट्रंकेंत त्या पांच वह्या निघाल्या. दोहोंच्या कडा वाळवीनें खाल्ल्या होत्या. आम्ही मनाशीं म्हणालों, 'हें सारें आतां संगणकांत आहे. वाळवीचें घर नव्या जागेंत कशास न्या?' आणि रद्दीवाल्याच्या तराजूंत त्या आम्हीं स्वतःच्या हातानें टाकल्या. दादांनीं पुढें कधीं विचारलें नाहीं, आणि आम्हीं कधीं सांगितलें नाहीं. २००९ सालीं दादा गेले.

२०२३ सालीं वहिनींचें सहस्रचंद्रदर्शन करावयाचें ठरलें. मुलांनीं विचारलें, काय करूं ? वहिनी म्हणाल्या, "साडी नको, अंगठी नको. ह्यांनीं लिहिलेल्या वह्या भाऊजींकडे आहेत. तेवढ्या छापून द्या." आम्हांस ओशाळल्यासारखें झालें, पण धीर होता, कारण सीडी कपाटांत होती. नव्या संगणकास सीडी घालावयाची खांचच नसते, म्हणून एका मित्राचा जुना संगणक मागून आणला. फाईल उघडली, आणि आम्ही तिच्याकडे पाहातच राहिलों. मराठीचें एक अक्षर नाहीं ! इंग्रजी अक्षरें, कंस, स्वल्पविराम, टक्क्यांचीं चिन्हें, यांची ओळींमागून ओळ. जणूं कळफलकावर मांजरानें लोळण घेतली होती.

असें कां व्हावें, हें आम्हीं पुढील आठवडाभर पुतण्याकडून समजून घेतलें. तें येथें सांगणें अवश्य आहे, कारण अशा फाईली आज घरोघरीं पडून आहेत.

संगणकास अक्षर ठाऊक नसतें. त्यास अंक ठाऊक असतो. प्रत्येक अक्षरास एक क्रमांक, आणि त्या क्रमांकास दाखवावयाचें एक चित्र, एवढाच त्याचा व्यवहार. त्या काळच्या संगणकांत अशा क्रमांकांच्या जागा अवघ्या २५६. त्यांतील पहिल्या १२८ इंग्रजी अक्षरांनीं व चिन्हांनीं अडविलेल्या. तेव्हां मराठी अक्षरें दाखविण्यासाठीं फाँट करणाऱ्यांनीं एक युक्ति काढली : क्रमांक इंग्रजीचेच ठेवावयाचे, चित्रें मात्र देवनागरीचीं बसवावयाचीं. उत्तरेंत फार चाललेला 'कृतिदेव' नांवाचा फाँट याच जातीचा आहे. त्यांत 'मराठी' हा शब्द संगणकाच्या पोटांत 'ई, जे, के, बी, एच' या पांच इंग्रजी अक्षरांच्या रूपानें राहातो. फाँट असेल तोंवर डोळ्यांस मराठी दिसतें. फाँट गेला कीं सोंग उतरतें आणि खालचें इंग्रजी उघडें पडतें. म्हणजे दादांची मराठी त्या फाईलींत मराठी म्हणून कधीं नव्हतीच. ती मराठीचा वेष घेतलेली इंग्रजी अक्षरें होतीं. आणि ज्या फाँटांत ती टाईप झाली, तो त्या दुकानाच्या संगणकांतील एका कुलुपबंद प्रोग्रॅमबरोबर नाहींसा झाला होता. यांत त्या दुकानदारास दोष देतां येत नाहीं. त्याच्यापाशीं जें होतें त्यांत त्यानें काम चोख केलें.

या दुखण्यावर औषध त्याच सुमारास निघत होतें, हें कळल्यावर हळहळ अधिकच वाटली. पुण्यास १९८८ सालीं सी-डॅक ही संस्था निघाली, कानपूरच्या आय. आय. टी.त आरंभिलेलें भारतीय लिपींचें काम तिनें पुढें चालविलें. १९९१ सालीं 'इस्की' नांवाची संकेतप्रणाली भारतीय मानक म्हणून मान्य झाली. तींत ब्राह्मीपासून निघालेल्या आपल्या लिपींना समान जागा ठेविल्या होत्या; देवनागरी 'क' आणि बंगाली 'क' यांचा क्रमांक एकच. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली. युनिकोडचा संकल्प असा कीं जगांतील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षरास स्वतःचा कायमचा क्रमांक द्यावा, म्हणजे एकाच्या घरांत दुसऱ्यानें शिरावयास नको. त्या व्यवस्थेंत 'क' चा क्रमांक २३२५. मग ख २३२६, ग २३२७, घ २३२८, ङ २३२९. आपली वर्णमाला ज्या क्रमानें आम्हीं पाटीवर गिरविली, त्याच क्रमानें ती तेथें बसली आहे. हे अंक प्रथम पाहिले त्या दिवशीं, खरें सांगावयाचें तर, शाळेंतला एखादा जुना विद्यार्थी परदेशांत मोठ्या हुद्द्यावर भेटावा तसा आम्हांस आनंद झाला. पुढें विंडोज २००० बरोबर 'मंगल' नांवाचा युनिकोड फाँट आला. त्यांतील अक्षरें रेखाटणारे गृहस्थ आपले सुलेखनकार व कवि र. कृ. जोशी होत. दादांची फाईल तीनचार वर्षांनंतर टाईप झाली असती तर कदाचित् हा लेख लिहिण्याचा प्रसंगच आला नसता.

असो. पुतण्यानें प्रथम बाजारांतील तयार कन्व्हर्टर लावून पाहिले. ते प्रसिद्ध फाँट ओळखतात. आमच्या फाँटाशीं त्यांची ओळख नव्हती. फाईलींतून 'झ्ढकषु' अशा थाटाचे शब्द बाहेर पडूं लागले. पुतण्या म्हणाला, "काका, ही फाईल म्हणजे आतां शिलालेख आहे." तो सहज बोलला, पण त्या शब्दानें आम्हांस वाट दाखविली.

१८३७ सालीं जेम्स प्रिन्सेप यानें ब्राह्मी लिपि वाचली, तेव्हां त्यानें काय केलें ? सांचीच्या स्तूपाच्या कठड्यावरील अनेक छोटे लेख त्याच दोन अक्षरांनीं संपतात, हें त्याच्या ध्यानांत आलें. कठडे लोकांनीं दान दिलेले. तेव्हां तो शेवटचा शब्द 'दानं' असला पाहिजे असें त्यानें ताडलें, आणि त्या दोन अक्षरांच्या किल्लीनें पुढचें कुलूप उघडत गेलें. आम्ही पुतण्यास म्हणालों, "यांत प्रत्येक नोंदीच्या आरंभीं तोच तो शब्द आला पाहिजे, शोध." त्यानें शोधला. एकच अक्षरसमूह, मध्यें एक मोकळी जागा, पुन्हा दुसरा समूह, असा तो शेंकडों ठिकाणीं परिच्छेदाच्या माथ्यावर उभा होता. तो 'आई म्हणे' वांचून दुसरा कोणता असणार ? प्रिन्सेपास 'दानं' सांपडलें. आम्हांस 'आई' सांपडली.

एवढ्या दोन शब्दांतून अ, काना, ई, अर्धा म, ह, ण आणि मात्रा इतके तुकडे हातीं आले. त्या फाँटांत 'ण' हें सबंध अक्षर नव्हतेंच. अर्धा ण आणि पुढें काना अशी जोडणी होती. काना सांपडल्याबरोबर दंड असलेलीं बाकीचीं अक्षरें हळूहळू ओळख देऊं लागलीं. मातोश्रींचे ठरलेले शब्द आम्हांस पाठ होते. सुंठ, सवाष्ण, पुरण, परडी असे शब्द अंदाजानें बसवीत गेलों. पंधरा दिवसांत तुकड्यांचा तक्ता पुरा झाला आणि पुतण्यानें एका रात्रींत सबंध फाईल युनिकोडमध्यें फिरविली.

आतां काम संपलें असें त्यास वाटलें. पण मास्तरचें काम तेथून सुरू झालें. जुने फाँट अक्षरें डोळ्यांच्या क्रमानें लिहीत. युनिकोड तीं उच्चाराच्या क्रमानें लिहितो. 'कि' लिहितांना ऱ्हस्व वेलांटी कागदावर क च्या आधीं दिसते, म्हणून जुन्या फाँटांत ती आधीं टाईप करीत. परंतु तोंडांत क् आधीं येतो व इ मागाहून, म्हणून युनिकोडमध्यें क आधीं, वेलांटी नंतर. रफाराचें याच्या उलट. 'धर्म' मधील र् चा उच्चार म च्या आधीं होतो, पण त्याचें चिन्ह म च्या डोक्यावर बसतें; जुन्या फाँटांत तें म नंतर टाईप होई. या दोन पद्धतींची सांधेजोड नीट न झाल्यामुळें आमच्या पहिल्या प्रतींत धर्माचें 'धमर्' झालें, मार्गाचें 'मागर्' झालें, आणि 'स्थिर' मधील वेलांटी अर्ध्या स च्या मांडीवर जाऊन बसली. आम्हांस मात्र या घोटाळ्यांत एक समाधान मिळालें. वर्ण आधीं कानाचा आणि मग डोळ्याचा, हें व्याकरणाच्या वर्गांत आम्ही वर्षानुवर्षें सांगत आलों. यंत्रानें अखेर तोच पक्ष धरला!

सर्वांत मोठा गोंधळ मराठीच्या एका खास लेण्यानें घातला. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांतील खोल जागा. हा अर्ध्या र चा भेद मराठींत नीट पाळावा लागतो. आमच्या तक्त्यांत दोहोंसाठीं एकच रफार पडला. परिणामीं आमच्या मुंजीच्या हकीकतींत 'आचार्यांनीं आमटींत मीठ दुप्पट घातलें, म्हणून आजोबा त्यांच्या अंगावर धांवून गेले' असें वाक्य तयार झालें. मीठ घातलें होतें आचाऱ्यांनीं. आचार्य बिचारे मंत्र म्हणत होते. वहिनींस तें वाचून दाखविलें तेव्हां त्या पदर तोंडास लावून किती वेळ हंसत होत्या.

ही चूक सुधारतांना आणखी एक मौज कळली. असा 'ऱ्या' संगणकावर दोन रीतींनीं लिहितां येतो : एक खास टिंबाच्या ऱ ला हलन्त जोडून, दुसरी साध्या र ला हलन्त जोडून पुढें एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांस दोन्ही एकच दिसतात. पण यंत्राच्या लेखीं ते भिन्न. एका रीतीनें शोधलें तर दुसऱ्या रीतीनें लिहिलेला शब्द सांपडेलच असें नाहीं. शब्द समोर असून 'नाहीं' असें उत्तर येतें. पूर्वीं खिळे जुळविणारास अशी अडचण नव्हती. त्याला दिसलें म्हणजे झालें. आतां दिसणें आणि असणें यांत अंतर पडलें आहे, आणि तें घरच्या वडीलधाऱ्यांनीं समजून घेतलें पाहिजे.

तीन महिने रोज सकाळीं दोन तास आम्ही मुद्रितें तपाशीत होतों. दुरुस्त्या टाईप करावयासाठीं इनस्क्रिप्टचा कळफलक शिकलों. आमचें इंग्रजी मॅट्रिकपुरतें, तेव्हां रोमन अक्षरांवरून मराठी जुळविणें आम्हांस कधींच मानवलें नव्हतें. पण या कळफलकाची रचना पाहून पाणिनीचें स्मरण झालें. स्वर डाव्या हातास, व्यंजनें उजव्या हातास. ज्या कळीवर क त्याच कळीवर दाबून ख, ज्या कळीवर ग तिच्यावर घ, अल्पप्राणाच्या माथ्यावर महाप्राण! आठ दिवसांत बोटें वळूं लागलीं.

शेवटच्या वहीचीं शेवटचीं पानें तपाशीत असतां एके रात्रीं एक मजकूर पुढें आला. तो मातोश्रींचा नव्हता, दादांचा होता. घरांतील कोणती वस्तु पुढें कोणाकडे असावी याची ती छोटी यादी होती. देव्हारा थोरल्या मुलाकडे, तांब्याचा बंब दुसऱ्याकडे, आणि त्याखालीं ही ओळ : 'या पांच वह्या धाकट्या बंधूकडे असाव्या. तो शिक्षक आहे. लिहिलेला कागद त्याच्या हातून टाकला जाणार नाहीं.'

आम्हीं यंत्र बंद केलें. त्या रात्रीं झोंप आली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं वहिनी तुळशीस पाणी घालून आल्यावर त्यांच्यापुढें बसून सर्व सांगितलें : वह्या नाहींत, त्या वाळवीनें खाल्ल्या नाहींत, हरवल्या नाहींत, आम्हीं रद्दींत घातल्या. त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "त्यांत चैत्रांगण होतें." आम्हांस एकदम आठवलें. मातोश्री चैत्रांत अंगणांत जें चैत्रांगण काढीत, त्यांतील एकेक चिन्ह दादांनीं त्यांच्याकडून काढवून घेतलें होतें. त्या पानावर ओळी दादांच्या होत्या, पण रेघा मातोश्रींच्या हातच्या होत्या. टाईप करणारानें शब्द टाईप केले. रेघा कोण टाईप करणार? सबंध फाईल वाचली गेली, पण तें पान परत आलें नाहीं, आणि येणार नाहीं. वहिनींनीं पुढें आठवून सत्तावीस चिन्हें कागदावर काढून दिलीं. तीं पुस्तकांत घातलीं आहेत. आणखी होतीं, असें त्या म्हणतात.

उठतांना त्या एवढेंच बोलल्या, "भाऊजी, आतां जें सांपडलें आहे तें कागदावर आणा. आणि या खेपेस उघडून बघा."

पुस्तक सहस्रचंद्रदर्शनास निघालें. शंभर प्रति काढल्या, आप्तेष्टांस वांटल्या. पण या साऱ्या प्रकरणानें आमच्या यंत्रप्रेमांत जो पालट झाला, तो थोडक्यांत नोंदवून ठेवावासा वाटतो.

'अक्षर' म्हणजे जें क्षर नाहीं तें, झिजत नाहीं तें, अशी व्युत्पत्ति आम्ही वर्गांत मोठ्या अभिमानानें सांगत असूं. अनुभवानें कळलें कीं हें विशेषण अक्षरास आपोआप मिळत नाहीं. कागदास वाळवी आहे, पाणी आहे; कृष्णेच्या २००५ व २०१९ च्या पुरांत सांगलीकडच्या किती घरांतील पुस्तकें भिजलीं हें आपण पाहिलेंच. यंत्रांत वाळवी नाहीं, पण तेथें विस्मरणाची वाळवी आहे : फ्लॉपी वाचणारें यंत्र नाहींसें होतें, फाँट नाहींसा होतो, परवलीचा शब्द ज्यास ठाऊक तो माणूस नाहींसा होतो. कागद कुजतांना दिसतो तरी. फाईल कुजलेली बाहेरून कळत नाहीं.

दुसरी गोष्ट अभिमानाची. संस्कृत ही संगणकास सर्वांत योग्य भाषा आहे असें अमेरिकेच्या नासा संस्थेनें मान्य केलें, अशा अर्थाचे निरोप आम्हांस मोबाईलवर दर महिन्यास येतात. मूळ गोष्ट एवढीच कीं रिक ब्रिग्ज नांवाच्या संशोधकानें १९८५ सालीं एक लेख लिहिला; वाक्याचा अर्थ निःसंदिग्धपणें उलगडण्याची आपल्या शास्त्रकारांची पद्धति आणि संगणकांत ज्ञान मांडण्याची पद्धति यांतील साम्य त्यानें दाखविलें. हें साम्य खरें आहे, आणि पाणिनीच्या सूत्ररचनेचें महत्त्व संगणकशास्त्रांतील लोकांनीं पूर्वींच ओळखलें आहे. पण त्यावरून यंत्रें संस्कृतावर चालतात असें होत नाहीं. आणि मौज ही कीं हे निरोप पाठविणारे आमचे कित्येक स्नेही घरच्या निरोपांत मात्र मराठी रोमन अक्षरांत लिहितात ! पूर्वीं त्यास कारण होतें. मोबाईलच्या एका साध्या संदेशांत इंग्रजी अक्षरें १६० मावत आणि देवनागरी अवघीं ७०. कित्येक यंत्रांत तर देवनागरी दिसतच नसे. आज तें कारण उरलें नाहीं. आमच्या वहिनी, ज्यांना कळफलकावरील बारीक अक्षरें दिसत नाहींत, त्या मोबाईलपुढें नुसतें बोलतात आणि यंत्र देवनागरींत लिहून घेतें. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. तो मान खरा, पण आपल्या मुलाबाळांच्या पत्रांतून जी लिपि नाहींशी होईल तिला कोणता दर्जा राखणार?

म्हणून ज्या घरांत वडिलांच्या वह्या, आजीच्या ओव्या, कुलाचाराचीं टिपणें आहेत, त्या घरांतील मंडळींस आमची हात जोडून विनंति आहे. जुन्या फाँटांतील फाईली असतील तर त्या जाणणारी माणसें आहेत तोंवर युनिकोडमध्यें फिरवून घ्या. एक प्रत यंत्रांत, दुसरी गांवाबाहेर दुसऱ्या घरीं, आणि तिसरी कागदावर ठेवा. मूळ हस्तलिखिताच्या प्रत्येक पानाचें छायाचित्र घ्या, कारण हाताच्या रेघा टाईप होत नसतात. आणि छायाचित्र घेतलें तरी मूळ वही टाकूं नका. शाळेंत हा धडा आम्ही एका ओळींत फळ्यावर लिहिला असता. घरीं तो शिकावयास आम्हांस वीस वर्षें लागलीं.

आमच्या घरीं आतां एक नवा कुलाचार पडला आहे. खंडेनवमीस आम्ही पूर्वीं सुरी, विळी, कात्री, अडकित्ता यांची पूजा करीत असूं. अलीकडे संगणक व मोबाईल यांसहि गंध-फूल मिळतें. पूजा झाल्यावर, दुसऱ्या दिवशींच्या सरस्वतीपूजनापूर्वीं, नात यंत्रापुढें बसते आणि घरांतील प्रत्येक जपून ठेवण्याजोगी फाईल एकदां उघडून तिची पहिली ओळ मोठ्यानें वाचते. वहिनी पाटावर बसून ऐकतात. दादांच्या फाईलीची पाळी आली कीं नात वाचते, 'आई म्हणे', आणि वहिनी मान हालवून म्हणतात, "आहे. पुढची उघड."